कोरा हंडा

माझं मेडिकल आणि मन्मथअप्पांचं भांड्यांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळे घाटनांदूरच्या बाजारात मी आयुष्यभर औषधं विकली ती भांड्यांवर नाव टाकायच्या मशीनच्या आवाजात. घर्रर्र, थोडं थांबणं, पुन्हा घर्रर्र. पुढे पुढे मला नुसत्या आवाजावरून काम ओळखता यायला लागलं. सलग, घाईचा आवाज असला की लग्नाचा आहेर. मध्येच बंद पडून गिऱ्हाइकाशी हुज्जत ऐकू आली की देणाऱ्याचं नाव मोठं टाकायचं की घेणाऱ्याचं, हा वाद. आणि अगदी सावकाश, प्रत्येक अक्षरानंतर श्वास घेतल्यासारखा आवाज आला की समजायचं, अप्पांनी कुणाला तरी पुरस्कार दिला.

हे पुरस्काराचं प्रकरण नवख्या माणसाला सांगावं लागतं. अप्पांना सिनेमाचा नाद होता. नाद म्हणजे नुसतं बघणं नव्हे. नुसतं तर मीही बघतो, आणि मध्यंतरापर्यंत झोपतोही. अप्पा बघून झाल्यावर न्याय करायचे. जगात कुठं कुठं कुणाला काय बक्षीस मिळालं ते ऐकून घ्यायचे, ते पिक्चर मिळवून बघायचे, पूर्वी सीडीवर आणि आता मोबाइलवर, आणि मग स्वतःचा निकाल लावायचे. त्यांच्या निकालात नटाला तांब्या, नटीला तांब्या, दुय्यम भूमिकेला पेला, गाण्याला फुलपात्र, दिग्दर्शकाला कळशी. भांड्यावर पिक्चरचं नाव, माणसाचं नाव आणि बक्षीस कशाचं ते, सुबक अक्षरात. अक्षराबद्दल अप्पांना फार अभिमान होता. आसपासच्या गावांतून लोक आहेराची भांडी त्यांच्याकडे आणायचे ते त्या अक्षरासाठी.

ती भांडी कुणाला पाठवायचा प्रश्नच नव्हता. ती घरात वापरात असायची. "भांडं काचंत ठिवायला नसतंय, सुधाकरराव. त्यात पाणी पडलं पाह्यजे," असं ते म्हणायचे. त्यामुळे अप्पांच्या घरी चहाला गेलं की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून विचारायच्या, "कुणात देऊ?" आणि अप्पा माझ्याकडे नीट निरखून बघून सांगायचे, "ह्यांना गेल्या सालच्या म्हाताऱ्या नोकरात दे." चहा पिऊन झाल्यावर पेला फिरवून बघायचा आणि तो नट आठवायचा. कितीतरी मोठ्या कलावंतांच्या हातचं म्हणावं तसं पाणी मी त्या घरात प्यालो आहे.

देणारा म्हणून स्वतःचं नाव मात्र त्यांनी कुठल्याच पुरस्कारावर टाकलं नाही. आमच्याकडे साधी वाटी दिली तरी 'यांजकडून सप्रेम भेट' ठसठशीत लागतं. अप्पा म्हणायचे, देणाऱ्याचं नाव आलं की बक्षिसाचा आहेर होतो. आणि घेणाऱ्याचं नाव मात्र पुरं पाहिजे, बापाच्या नावासकट, आडनावासकट. गिऱ्हाइकांनाही ते हेच ऐकवायचे. "गावात गिरिजा काय एकच हाय का? लग्नकार्यात भांडी मिसळत्यात. अर्ध्या नावाचं भांडं घरी परत येत न्हाई बघा." गिरिजा हे उदाहरण ते घ्यायचे कारण ते त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं नाव होतं.

पिक्चर जोखायच्या त्यांच्या दोन परीक्षा होत्या. पहिली भांड्यांची. पडद्यावर काहीही चाललेलं असो, प्रेम असो, मारामारी असो, अप्पांची नजर आधी मांडणीवर. "राजवाडा हाय म्हणं, आन पेला बघा, हलक्या पत्र्याचा." भांड्यावर नजर गेली म्हणजे पिक्चरनं आपल्याला मोकळं सोडलं, असा त्यांचा हिशेब होता, आणि ती प्रत्येक पिक्चरमध्ये जायचीच. दुसरी परीक्षा पाण्याची. थेटरात जाताना ते पाण्याची बाटली काठोकाठ भरून न्यायचे. कंटाळा आला की माणसाला तहान लागते, हे त्यांचं मत. पिक्चर सुटल्यावर बाटली उजेडाकडे धरायची. अर्धी उरली तर त्या पिक्चरला पेला, पाऊण उरली तर तांब्या.

आणि बाटली भरलेलीच राहिली तर?

त्यासाठी हंडा होता. तांब्याचा, जाड पत्र्याचा, वडिलांच्या वेळचा. दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला आणि पूर्ण कोरा. सगळ्यात चांगल्या पिक्चरला तो द्यायचा होता, आणि तो आयुष्यात एकदाच जाणार होता, कारण हंडा एकच होता. गिऱ्हाईक बोट दाखवून किंमत विचारायचं. अप्पा म्हणायचे, "त्याचा मालक यायचाय अजून."

आता तो लग्नातला किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकदा चौसाळ्याला लग्न होतं, निघायची गडबड होती, आणि काकूंनी मांडणीवरचा बरा दिसणारा तांब्या उचलून आहेर म्हणून पिशवीत टाकला. आमच्याकडे आहेर लाउडस्पीकरवर पुकारतात. पुकारणाऱ्यानं तांब्या हातात घेतला आणि भांड्यावर जे होतं ते सवयीनं खणखणीत वाचलं. "उत्कृष्ट खलनायक!" मांडवातल्या माना वळल्या. नवऱ्या मुलाच्या बापाला वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून आहे. त्याचं भावकीत आधीच वाजलेलं होतं. माणसं उठून उभी राहिली. मी अप्पांची बाही ओढतोय, चला म्हणतोय, आणि हा माणूस सरळ त्या व्याह्यासमोर जाऊन बसला. माफी वगैरे काही नाही. तो खलनायक कोण, त्यानं पिक्चरमध्ये काय केलं, शेवटी मरताना तो हसतो आणि ते हसू कसं खरं असतं, हे सगळं हातवारे करून सांगितलं. पंगत खोळंबली. सांगून झाल्यावर अप्पा म्हणाले, "द्या तांब्या, मी दुसरं भांडं देतो." व्याह्यानं तांब्या पोटाशी धरला. म्हणाला, "राहू द्या की. एवढ्या मोठ्या माणसाचा हाय, तर राहू द्या." मी थक्क झालो. भांडण मिटवायला निघालेली माणसं मी खूप पाहिली, पण ते विसरायला लावणारा हा एकच.

परदेशातला तो मोठा पुरस्काराचा कार्यक्रम आपल्याकडे पहाटे दिसतो. त्या दिवशी अप्पा अंघोळ करून, लिंगपूजा आटोपून, धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसायचे. इंग्रजीचं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मी एकदा सोबत बसलो. नाव पुकारलं, जिंकलेला माणूस उठला, टाळ्या. मीही त्याच्याकडेच बघत होतो. अप्पांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "त्याला काय बघायलाव? त्यो खूषच हाय. त्या हरलेल्यांकडं बघा. कसं हसायलेत! खरी अ‍ॅक्टिंग तिथं चालूय." आणि खरंच, एक बाई इतक्या मनापासून टाळ्या वाजवत होती की मीही तिच्याकडेच बघत बसलो. दुपारी भिंतीपलीकडून तो सावकाश आवाज आला. जिंकणाऱ्याचं काय झालं मला आठवत नाही, पण त्या बाईला फुलपात्र मिळालं.

अशा घरात वाढलेली मुलगी सिनेमाच्या मागे लागली नसती तरच नवल. गिरिजा लहानपणी अप्पांच्या मांडीवर बसून पिक्चर बघायची आणि बाटलीतलं पाणी चोरून कमी करायची, तेवढ्यानं निकाल बदलतो का बघायला. अंबाजोगाईला कॉलेज झालं आणि ती पुण्याला सिनेमाचं शिकायला गेली. भावकीनं नाकं मुरडली. अप्पा एवढंच म्हणाले, "मी भांडी इकतो म्हून तिनं बी भांडीच घासावी काय?"

तिचा पहिला सिनेमा ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्यावर होता. त्याला मोठं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला, आमच्या चौकात फलक लागला. शाळेच्या सभागृहात तो सिनेमा दाखवायचं ठरलं तेव्हा सगळा गाव लोटला, आणि पिक्चरबरोबरच लोकांना हंडा बघायचा होता. आज हंडा खाली येणार यात कुणालाच शंका नव्हती. गिरिजालाही नव्हती. तिनं माझ्याजवळ बोलून दाखवलं होतं, "काका, त्या बक्षिसाचं सोडा. मला हंडा पाह्यजे. लहानपणापासून मी त्याच्याकडं बघायलेय."

सिनेमा सुरू झाला. माणसं हुंदके देऊन रडली. मी रडलो, म्हणजे मी जागा होतो हेही लक्षात घ्या. आणि शेजारी अप्पा पाणी पीत होते. एक घोट, थोड्या वेळानं आणखी एक. दिवे लागले तेव्हा बाटली रिकामी होती. पहिल्या रांगेतून वळून गिरिजानं आधी ती बाटली पाहिली आणि मग बापाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला एक वाटी दिली. तिच्यावर पिक्चरचं नाव, तिचं पुरं नाव आणि खाली एक शब्द होता. 'उत्तेजनार्थ'.

मी तिथंच होतो. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. काकू ओरडल्या, "आवं, लेकरू हाय आपलं!"

"म्हून तर खोटं बोलत न्हाई," अप्पा म्हणाले. मग मुलीकडे वळले. "गिरिजा, तू लोकाला रडवायला बसलीस. रडले लोक. पर माणूस रडायच्या आधी लपवतो. तोंड फिरवतो, चुलीत फुंकतो, काईतरी करतो. ते तू दाखवलंच न्हाई. तुझी माणसं रडायला तयारच हुभी हायेत."

"साऱ्या देशाला कळलं, तुमाला कावून कळंना?"

"देशाला कळलं आसंल. देशाच्या मांडीवर तू बसली नव्हतीस."

ती जेवली नाही. दुपारच्या गाडीनं गेली. वाटी मात्र तिनं बॅगेत टाकलेली मी पाहिली. त्यानंतर ती सणालाही आली नाही. काकूंना फोन यायचा, अप्पा समोर असले की काकू फोन घेऊन परसात जायच्या. गावानं अप्पांना दगडकाळजाचा ठरवलं. मीही एकदा रागाने म्हणालो, "अप्पा, एक हंडा दिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?" त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं. "दिला आसता आन ती खूष झाली आसती. मग पुढचा पिक्चर तिनं कावून चांगला काढावा?" मला तेव्हा पटलं नव्हतं. त्या माणसाला रात्रभर झोप येत नव्हती हे मला माहीत होतं, कारण गोळ्या मीच देत होतो.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या पेल्यात लाटा उठायच्या, नंतर अक्षरांत उठू लागल्या. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. हा आजार जाणारा नव्हता, लांबवता येण्याजोगा होता. एका लग्नाच्या ताटांवर नवरीचं नाव तिरकं गेलं. गिऱ्हाईक तशीच न्यायला तयार होतं, अप्पांनीच ताटं परत घेतली, नवी दिली आणि मशीन पोत्यात गुंडाळून ठेवलं. भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. दुकानात मला बसवेना. गिऱ्हाईक नसलं की मी कारण नसताना त्यांच्याकडे जायचो. ते हंडा पुसत बसलेले असायचे. एकदा म्हणाले, "मालक येईल तवा नाव टाकायला हात राहील का न्हाई, देव जाणं." त्यांच्या तोंडून ऐकलेली ही एकच काळजी.

अशातच काकूंकडून कळलं की गिरिजाचा दुसरा सिनेमा आलाय. 'गच्चीवरचं ऊन'. त्याला कुठंही बक्षीस मिळालं नव्हतं, चौकात फलक नव्हता. अंबाजोगाईच्या एका कॉलेजातली पोरं तो एका दुपारी दाखवणार होती. ती स्वतः येणार नव्हती. अप्पा सकाळीच माझ्या काउंटरला येऊन उभे राहिले. सदरा धुतलेला, हातात बाटली काठोकाठ. "सुधाकरराव, गाडी काढता का?"

हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सिनेमात दोन जावा होत्या. वाटणीवरून बोलणं बंद झालेलं, पण गच्ची एकच. दोघींना एकाच दिवशी कुरडया घालायच्या असतात. दिवसभर दोघी पाठीला पाठ लावून काम करतात, एक शब्द बोलत नाहीत. दुपारी वावटळ उठते. थोरली धावते, आणि आपल्या कुरडया सोडून धाकटीच्या कुरडयांवर स्वतःची साडी पसरते. मग काही झालंच नाही असं दाखवत पुन्हा पाठ फिरवून बसते. धाकटी डोळ्याला पदर लावते आणि धूळ गेल्यासारखं करते. एवढंच. मी झोपलो नाही. मध्येच पडद्यावर थोरलीच्या हाताशी तेलाची वाटी दिसली, चांगली मोठी, पडदाभर. तिच्यावरची अक्षरं मी ओळखली. मी अप्पांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते, तोंड किंचित उघडं. मी मान वळवली.

परतताना ते सारा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. त्यांना उतरवल्यावर मागच्या सीटवर बाटली राहिलेली दिसली. मी उचलली. ती काठोकाठ भरलेली होती. त्या हाताच्या गोळ्यांनी तोंडाला किती कोरड पडते हे मला पक्कं ठाऊक आहे. दुकानात बसल्या बसल्या ते सारखे घोट घेत असायचे. मी बाटली हातात धरून रस्त्यात तसाच उभा राहिलो. आत जाऊन काही विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलं आणि भिंतीपलीकडून घर्रर्र झालं. थांबलं. खूप वेळ थांबलं. पुन्हा घर्रर्र. मी गिऱ्हाइकाला तसंच सोडून पळालो. अप्पांनी हंडा मांडीत घेतला होता, काकूंनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता, आणि अप्पा डाव्या मुठीत उजवं मनगट आवळून अक्षर काढत होते. त्यांचा सदरा घामानं भिजला होता. 'गच्चीवरचं ऊन' एवढं लिहायला दुपार झाली. अक्षरं वाकडी, काही ठिकाणी दुहेरी. मग खाली 'गिरिजा' लिहिलं आणि त्यांनी मशीन बंद केलं.

"पुरं नाव?" मी विचारलं.

"तिच्या नावात माझं नाव येतंय. लोक म्हंतील बापानं दिला. पोरीचं बक्षीस जाईल आन आहेर हुईल."

काकूंनी फोन केला. गिरिजा दुसऱ्या दिवशी आली, ती दुकानातच, चपलांसकट. केस विस्कटलेले, डोळे प्रवासानं लाल. हंड्याकडे तिनं पाहिलं, हात लावला नाही.

"वाटी बघून इरघळलात न्हवं?" ती म्हणाली. आवाज ताठ होता आणि हनुवटी हलत होती. "का हात गेला म्हून द्यायलाव? तसला हंडा मला नको अप्पा. दुसऱ्या कुणाला बी द्या."

अप्पा गोंधळले. "कुठली वाटी?"

"माझी. उत्तेजनार्थवाली. पिक्चरात हाय की, पडदाभर. मुद्दाम ठेवलती मी. तुमी भांडी बघताव म्हून."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "हुती का ओ?"

"होती की," मी म्हणालो. "चांगली मोठी. अक्षरंसुद्धा वाचता येत होती."

त्यांचा चेहरा पडला. राजवाड्यातला हलका पेला न सोडणारा माणूस, स्वतःच्या हातची अक्षरं पडद्यावर आली आणि त्याला दिसली नाहीत. "माझी नजर हुकली?" ते स्वतःशीच पुटपुटले. "मी त्या थोरलीकडं बघत हुतो. ती साडी पसरून पाठ फिरवती, तिथं... मला काईच दिसलं न्हाई बघ दुसरं."

गिरिजा खाली बसली. गुडघ्यात डोकं घालून ती रडली, पण त्याआधी तोंड भिंतीकडे फिरवलं. खरं सांगतो, इतक्या वर्षांत एवढे पुरस्कार बघितले, पण पुरस्कार मिळाल्यावर माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं.

मग ती डोळे पुसून उठली, हंडा मांडीत घेतला आणि वाकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "नाव अर्धंच हाय."

"देणाऱ्याचं नाव टाकायचं नसतंय."

"देणाऱ्याचं नका टाकू. घेणारीचं तर पुरं टाकाल का न्हाई? अर्ध्या नावाचं भांडं घरी परत येत न्हाई, तुमीच म्हंता."

गिरिजानं मशीन हातात घेतलं. तिनं कधी ते चालवलं नव्हतं, त्यामुळे तिचंही अक्षर वाकडंच यायला लागलं, बापाच्या शेजारी शोभेल इतकं वाकडं. अप्पा वाकून बघत होते. "दाबू नको. सोडत जा. म न्हवं, त्ये भ झालंय." ती चिडून म्हणाली, "थांबा वो." मशीन घर्रर्र करत राहिलं, आणि गिरिजापुढे मन्मथअप्पा, त्यापुढे आडनाव, असं पुरं नाव हळूहळू उमटत गेलं.

झाल्यावर अप्पांनी तिच्या बॅगेकडे हात केला. "आणलीस का ती वाटी?" तिनं काढून दिली. ती कडेला घासून घासून गुळगुळीत झाली होती.

"भर त्यो हंडा," ते म्हणाले. "परवाच्या पिक्चरपासून आता तहान लागली बघ."